स्टेशनवरच्या चहावाल्या काकांना आणि काकूंना

काका, साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव आणि तुमच्या स्टेशनचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण निघताना तुम्ही तसं बजावून सांगितलं होतं. सिंधुदुर्गातलं छोटं स्टेशन, फलाटावर एकच स्टॉल आणि पावसाळ्यातली रात्र, एवढं पुरे. मुंबईकडे निघालेली आमची गाडी त्या रात्री लाइन बंद असल्याने तुमच्या स्टेशनवर अडकून पडली होती. तिच्यातले लोक हे वाचतील तेव्हा लगेच ओळखतील. त्यांच्या वतीने हे पत्र लिहितो आहे. मन अजून भरून येतं, त्यामुळे कुठे जास्त लिहिलं गेलं तर समजून घ्या.

सगळ्यात आधी त्या झाकलेल्या पातेल्याबद्दल. स्टॉलच्या शेगडीवर दोन पातेली होती. एकात चहा, दुसऱ्यात नुसतं पाणी. पाणी खळखळून उकळलं की तुम्ही ते उतरवून ताटलीने झाकत होता, थोडं निवलं की किटलीत ओतत होता आणि परत नवं पाणी चढवत होता. चहाचं ओगराळं त्यात एकदाही बुडलं नाही. कुणीतरी घाईत पेला बुडवायला गेलं तेव्हा तुम्ही हात आडवा धरलात : "ह्या पाणी बाळांचा आसा, हात लावू नकात." मग ती किटली घेऊन तुमचा मुलगा एकेका डब्याच्या दाराशी जाऊन विचारत होता, "दुधाच्या बाटलीसाठी पाणी हवंय का कुणाला?"

पावडरचं दूध करायला उकळलेलंच पाणी लागतं. डब्यातल्या बेसिनचं पाणी त्या कामाचं नाही, आणि बाटलीबंद पाणी गार असतं, त्यात पावडरच्या गुठळ्या होतात. चहाचं ओगराळं बुडालेल्या पाण्यात साखर आणि दूध उतरतं, आणि उबेत ते लवकर खराब होतं. हे झालं पाण्याचं. त्याहून मोठी गोष्ट अशी की तान्ह्या बाळाची आई मधल्या बर्थवर बाळ निजवून, सामान सोडून, अंधारात, पावसात स्टॉलपर्यंत येऊच शकत नाही. ती मागायला येत नाही म्हणून तिची गरज कुणाला दिसत नाही. तुम्हाला ती न मागता दिसली. त्या रात्री बाकी खूप काही मिळालं, पण मनात घर करून बसली आहे ती ही किटली.

आता ज्यांनी आधी हात वर केले त्यांच्याबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. गाडीतल्या खानपानवाल्यांनी साडेदहाला शटर ओढलं, आणि गाडी अडकली आहे हे कळल्यावरही ते वर गेलं नाही. माल संपला असं सांगण्यात आलं. पण थोड्या वेळाने त्याच शटरच्या बाजूच्या दाराने पाण्याच्या बाटल्या छापील किमतीच्या दुपटीने बाहेर येत होत्या. ॲपवरून पुढच्या मोठ्या स्टेशनचं जेवण मागवणाऱ्यांची गत आणखी वाईट झाली. ऑर्डर त्या स्टेशनला बांधलेली असते. गाडी त्या स्टेशनच्या अलीकडे अडकली की डबा तिकडे आणि माणूस इकडे. त्यातही विक्रेत्याने आधीच 'पोहोचवलं' अशी नोंद करून टाकली, त्यामुळे गाडी स्टेशनला लागलेलीच नसताना लोकांच्या फोनवर जेवण मिळाल्याचा संदेश आला. पैसे परत मागायचे तर आता ती नोंद खोटी ठरवत बसावं लागतं.

स्लीपरचा प्रवासी अशा वेळी खरोखरच उघड्यावर असतो. राजधानी, दुरांतोसारख्या गाड्या दोन तासांहून जास्त लांबल्या की चहा-नाश्ता किंवा जेवण देण्याची तरतूद आहे. साध्या एक्सप्रेसच्या स्लीपरला ती लागू नाही. कोकणातला मार्ग रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर एकेरी आहे. एका ठिकाणी माती खाली आली की मागची-पुढची प्रत्येक गाडी जिथे क्रॉसिंगची, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्याची, जागा मिळेल तिथे उभी करून ठेवावी लागते, आणि ती जागा बहुतेक वेळा एका स्टॉलचं, नाहीतर स्टॉलच नसलेलं स्टेशन असते. २०२४ च्या जुलैत रत्नागिरी जिल्ह्यातल्या दिवाणखवटीजवळ माती आली तेव्हा जवळजवळ एक दिवस वाहतूक बंद होती. काही गाड्या मडगाव, लोंढा, मिरज, पुणे अशा फिरवल्या गेल्या आणि काहींच्या प्रवाशांना एसटीने पुढे न्यावं लागलं. गाडी अशी फिरवली की वाटेतल्या स्टेशनांवर सांगून ठेवलेलं सगळं जेवण वाया जातं. हे दर पावसाळ्यात होऊ शकतं हे ज्यांना माहीत असायला हवं, त्यांच्यापैकी कुणाचीच तयारी दिसली नाही. तयारी दिसली ती तुमची.

शेगडीवर नुसता चहा वाढवत बसण्याऐवजी तुम्ही आधी स्टेशन मास्तरांकडे जाऊन लाइन कधी मोकळी होईल ते विचारून आलात. सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. मग डब्यांजवळून जाताना तुम्ही स्पष्ट सांगत गेलात की उजाडेपर्यंत गाडी हलेल असं धरू नका, पाणी जपून वापरा. आमच्या गाडीत 'अर्ध्या तासात निघेल' हे वाक्य अधूनमधून फिरत होतं, आणि त्याच्या भरवशावर लोक होतं नव्हतं ते खाऊन आणि पिऊन मोकळे होत होते. खरी परिस्थिती कळली तेव्हा लोकांनी बिस्किटं मोजून बाजूला ठेवली, साखरेच्या रुग्णांनी गोळ्या-इंजेक्शनचं गणित जुळवलं. इन्सुलिन घेतलं आणि पुढे जेवण मिळालं नाही तर माणूस घामाघूम होऊन कोसळतो. त्यामुळे अशा रात्री खरी बातमीसुद्धा अन्नाइतकीच लागते.

काकूंनी पेज रांधायचं ठरवलं, त्यात किती शहाणपण होतं ते स्वयंपाक करणाऱ्याला लगेच कळेल. किलोभर तांदळाचा भात आठ-दहा माणसांना पुरतो. तोच तांदूळ आठ-नऊ पट पाण्यात शिजवला की वाटी-वाटीने पस्तीसेक जणांच्या पोटात काहीतरी गरम जातं. घरात सहा किलो उकडा तांदूळ होता. उकडा शिजायला तासभर घेतो, म्हणून शेजारच्या दोन घरांतल्या चुली एकाच वेळी पेटवल्या गेल्या आणि महाप्रसादाची मोठी टोपं देवळातून आणली गेली. मीठ रांधतानाच घातलेलं होतं, लोणच्याची फोड वेगळी. पेज उकळती येते आणि लगेच संपते, त्यामुळे ती बाधत नाही. दुपारी तळलेले वडे किंवा पुडक्यात वाफ धरलेली बटाट्याची भाजी दमट हवेत रात्रीपर्यंत आंबून जाते आणि मग संडासाबाहेर रांग लागते. अडकलेल्या गाडीत टाक्यांमधलं पाणी परत भरलं जात नाही, त्यात पोट बिघडणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. वाढण्यातही तुम्ही चोख होता. चहाचे कागदी पेले पेजेला लहान पडतात, म्हणून डब्याचं झाकण, स्टीलचा पेला, जे असेल ते घेऊन या म्हणालात. कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत मात्र उकळती पेज ओतायला साफ नकार दिलात, आणि त्या माणसाला स्वतःची वाटी दिलीत.

सहा किलोत दोनशेच्या आसपास वाट्या होतात आणि गाडीत माणसं हजाराच्या वर. एलएचबीच्या, म्हणजे नव्या धर्तीच्या, एका स्लीपर डब्यातच ८० बर्थ असतात. म्हणजे सगळ्यांना पुरणार नव्हतीच, हे तुम्हाला पहिल्या वाटीच्या आधी ठाऊक होतं. म्हणून तुम्ही टोप स्टॉलवर ठेवलंच नाही. स्टॉल फलाटाच्या मध्यावर. तिथे ठेवलं असतं तर मधल्या डब्यांतल्या धडधाकट लोकांनी दहा मिनिटांत संपवलं असतं. जनरल डबे गाडीच्या दोन टोकांना असतात, आणि फलाट गाडीपेक्षा आखूड असल्याने त्यांची दारं खडीवर उघडत होती. तिथून म्हाताऱ्या माणसाला उतरणं जमत नाही, उतरलं तर चढणं त्याहून अवघड. तुम्ही टॉर्च घेऊन शेवटच्या डब्यापासून सुरुवात केलीत. आधी लहान मुलं, म्हातारी माणसं, साखरेचे रुग्ण. मग जनरलचे दोन्ही टोकांचे डबे, मग स्लीपर. आम्हा बाकीच्यांना चहा आणि बिस्किटं, आणि तीही फळ्यावर लिहिलेल्या भावाने. पेजेचे पैसे तुम्ही घेतलेच नाहीत. पेज न मिळालेल्यांपैकी एकाने आवाज चढवला तेव्हा तुम्ही त्याच्या हातात टॉर्च दिलीत आणि पुढच्या डब्यापर्यंत सोबत या म्हणालात. परत आल्यावर तो टोपाची दुसरी कडी धरून होता.

काका, सरळ वागणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. गावात मयत झालं तर शेजारघरून पिठलं-भात येतो, पूर आला तर शाळेच्या खोल्या उघडतात, आणि कुणी त्याची पावती मागत नाही. पण अनोळखी, परत कधी भेट होणार नाही अशा हजार माणसांशी, पहाटेपर्यंत, एकदाही चिडचिड न करता असं वागायला वेगळीच ताकद लागते. ती तुम्हा दोघांत पाहिली.

त्या रात्रीनंतर आमच्यापैकी बरेच जण पावसाळ्यात निघताना माणशी दोन लिटर पाणी, दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी आणि लाडू घेतात. बटाटा आणि ओलं खोबरं नाही. लहान मूल असेल तर उकळत्या पाण्याचा थर्मास. जेवण मागवायचंच तर घाटाच्या आणि बोगद्यांच्या टप्प्याआधीच्या स्टेशनवर, संध्याकाळीच. खानपानाची तक्रार रेल्वेच्या १३९ क्रमांकावर तारीख, डबा आणि बिलासकट नोंदवली आहे, आणि पावसाळ्यात क्रॉसिंगच्या प्रत्येक स्टेशनवर तांदूळ, दूध पावडर आणि पिण्याचं पाणी ठेवावं, अशी मागणीही लेखी दिली आहे. त्यात तुमचं नाव नाही. फक्त तुम्ही कोणत्या क्रमाने वाढलंत तो क्रम जसाच्या तसा लिहिला आहे, कारण त्याहून चांगला आम्हाला सुचला नाही.

तांदळाचे पैसे तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे. म्हणून गाडीतल्या लोकांनी मिळून २५ किलोचं उकड्याचं पोतं आणि पाच लिटरच्या दोन किटल्या पाठवल्या आहेत. सामान स्टेशनवरच उतरवून घ्या. पोत्यातला वाटा ज्या दोन घरांनी चुली पेटवल्या त्यांनाही द्या, आणि देवळाच्या टोपांपैकी एकाची कडी त्या रात्री सैल झाली होती, तिच्या दुरुस्तीचा खर्च कळवा. काकूंना नमस्कार. मुलाला आशीर्वाद, आणि त्याच्या बारावीचा निकाल लागला की नक्की कळवा.

तुमचे,
त्या गाडीतले प्रवासी