जिजी, ‘तसलं सगळं’ म्हणजे काय ते मी विचारलं

आदरणीय जिजी,
सा. न.

‘इतलं कसाले लिखं वं?’ असं तुम्ही म्हणणार, माहीत आहे. पण पेशंट सांभाळायच्या कामाला निघणाऱ्या आपल्याकडच्या बायांनीही वाचावं, म्हणून उघडच लिहिते.

त्या दिवशी जळगावहून अमळनेरला परत येत होते. पाळधी सोडलं आणि फोन वाजला. काम चाळीस दिवसांचं. आजोबा पडले, खुब्याचा गोळा बदलला, सून बाळंतपणाला माहेरी. डब्यात कुणाचं तरी पोर रडतंय, रेंज जातेय-येतेय, पलीकडे फोन स्पीकरवर आणि तिघं एकदम बोलतायत. मी नुसती ‘हो, हो’ करत सुटले. चोवीस तास? हो. स्वयंपाक? हो. ‘आणि बाबांचं तसलं सगळं?’ हो. अनुभव विचारला तेव्हा मात्र मी ‘नाही’ म्हणाले. मग आलं, ‘तुमच्यात खाणंपिणं कसं असतं?’ हा प्रश्न जेवणाचा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. धरणगावच्या अलीकडे फोन कटला. रात्री नऊला परत करतो, असा मेसेज आला.

तुम्ही ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होता. माझं सगळं ऐकून तुम्ही एकच धरलं, ‘अडीच वरीस सासूले कोनी सांभायं?’ मी म्हटलं, ते घरचं होतं. त्यावर तुम्ही ज्या नजरेनं पाहिलंत! दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून भरवताना डोकं उंच ठेवायचं, लघवीची पिशवी कमरेच्या खालीच टांगायची, हे मला तुम्हीच शिकवलेलं. सिव्हिलची ड्यूटी करून येताना, चपलाही न काढता. त्याला अनुभव म्हणतात हे मला त्या ओट्यावर कळलं.

मग तुम्ही टीव्हीचा रिमोट कानाला लावून त्या घरातला मुलगा झालात. तीनदा माझ्याकडून वदवून घेतलंत. दोनदा मला हसूच आलं, तिसऱ्यांदा तुम्ही रागावलात. ‘तसलं म्हंजे काय, ते त्यास्ना तोंडमाईन काढ.’ आणि हेही, की कुणी ‘घरच्यासारखं राहा’ म्हटलं की पगार आधी पक्का करायचा.

नऊला फोन आला. पाणी पिऊन, वही पुढ्यात घेऊन उचलला. आधी माझा अनुभव सांगितला. मग विचारलं, आजोबांचं वजन किती? वॉकर धरून उभे राहतात का? संडास-लघवी अंथरुणात की बाथरूममध्ये? आंघोळीला घरातला पुरुषमाणूस हाताशी असेल का? हे शब्द मी उच्चारले आणि पलीकडे फोन स्पीकरवरून काढल्याचा आवाज आला. मुलगा हळू आवाजात नीट सांगायला लागला. तोही बिचारा लाजतच होता.

‘घरात कमोड आहे ना?’ या प्रश्नावर तो गप्प झाला. संडास भारतीय पद्धतीचा. गोळा बदलल्यावर उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, ‘पण लक्षातच आलं नाही.’ दुसऱ्याच दिवशी कमोडची खुर्ची आली.

चोवीस तासांचं ‘हो’ मागे घ्यायला जीभ जड झाली होती, पण घेतलं. रात्री दोनदा उठेन, सलग जागरण नाही, कारण दिवसाही मीच. रोजाचे सहाशे, दर पंधरा दिवसांनी हातात, आठवड्याला एक सुट्टी. सुट्टीवर ते अडले, शेवटी अर्धा रविवार ठरला. खाण्यापिण्याचं परत निघालंच. व्हेज-नॉनव्हेज दोन्ही रांधते, एवढंच मी बोलले आणि आजोबांच्या गोळ्यांच्या वेळा विचारल्या. तुमचा सल्ला तोच होता. चालला, तरी तो प्रश्न अजून टोचतो. पुढच्या वेळी सरळ विचारीन म्हणते, जेवणाचं विचारताय की जातीचं?

आज एकोणचाळिसावा दिवस. आजोबा सकाळी वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात आणि परत येताना माझ्यावर ओरडतात, म्हणजे तब्येत बरी आहे.

रविवारी येते. भरताची वांगी मी आणते. कळण्याची भाकरी तुम्हीच थापा, माझी अजून तव्यावर टाकताना फाटते.

तुमची,
गल्लीच्या टोकाची शिलाईवाली