नकार दिला म्हणून तिने बस का बदलावी?

महोदय,

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात अलीकडे एका तरुणाचे पत्र आले होते. ऑफिसातल्या मुलीला साधे ‘चहाला येतेस का’ विचारायची सोय राहिलेली नाही, एक तक्रार झाली की करिअर संपते, म्हणून आम्ही मुलींशी कामापुरतेच बोलतो, असा त्यांचा सूर होता. त्यांची भीती खरी आहे. पण या विचारण्यातला धोका मुख्यतः कोणाच्या वाट्याला येतो, याचा त्यांचा अंदाज चुकला आहे असे मला वाटते.

मी नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळते आणि तिथल्या अंतर्गत समितीची, म्हणजे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीची, अध्यक्ष आहे. समितीकडे आलेल्या तक्रारींबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ त्याला मनाई करते, आणि ते योग्यच आहे. पुढे जे सांगते आहे ते समितीपर्यंत कधी आलेच नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

आमच्याकडे एक मुलगी प्रशिक्षणार्थी होती. गाव उमरेडकडचे, इथे दोघी-तिघी मिळून खोली करून राहायच्या. तिच्या लाइनच्या सुपरवायझरने शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून तिचा नंबर घेतला. आधी ‘गुड मॉर्निंग’, मग ‘जेवण झालं का’, मग ‘रविवारी फुटाळ्यावर येतेस का’. तिने लिहिले, ‘घरी जायचं आहे सर.’ पुढच्या वेळी, ‘पेपर आहे सर.’ त्याने यातून एवढाच अर्थ काढला की मुलीची हरकत नाही, फक्त रविवार जुळून येत नाही. आता तिच्या जागी उभे राहून पाहा. ज्याच्या हातात आपली हजेरी, आपली शिफ्ट आणि प्रशिक्षण संपतानाचा शेरा, त्याला तोंडावर ‘मला यायचं नाही’ असे कोणती वीस-बावीस वर्षांची मुलगी सांगू शकते?

कंपनीच्या बसमध्ये तो तिच्या शेजारची सीट धरू लागला. काही दिवसांनी माझ्या टेबलावर तिचा अर्ज आला, बसचे पैसे पुढच्या महिन्यापासून कापू नयेत म्हणून. कारण लिहिले होते ‘वैयक्तिक’. मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत यायचे आणि तिथून शेअर ऑटो करायचा, हा खर्च आमच्या बसच्या कपातीपेक्षा कितीतरी जास्त. स्टायपेंड केवढा, हे मला माहीतच होते. हिशेब जुळेना म्हणून मी तिला विचारले. ‘काही नाही मॅडम, मेट्रो बरी पडते,’ एवढेच म्हणाली. प्रशिक्षण संपवून बुटीबोरीला दुसरीकडे लागल्यावर तिने फोनवर सगळे सांगितले. तक्रार का नाही केलीस, असे मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘बाबांना कळलं असतं तर म्हणाले असते, बस झालं, घरी ये. मग नोकरीच गेली असती ना मॅडम.’

पत्रलेखक मित्राने हे वाक्य दोनदा वाचावे. मुलाला कंपनी नोटीस देईल याची धास्ती असते. मुलीला कंपनीची तर असतेच, शिवाय घराची असते, खोलीच्या मालकिणीची असते आणि कँटीनमध्ये सुरू होणाऱ्या कुजबुजीची असते. आपल्याकडे मुलगी नोकरीला शहरात पाठवताना घरातल्यांनी आधीच मन घट्ट केलेले असते. त्यात तिचे नाव कोणाशी जोडले गेले, मग तिने होकार दिला असो की नकार, पहिला बळी तिच्या नोकरीचा जातो. विचारणाऱ्याला हे माहीत नसते असे नाही. त्या क्षणी त्याच्या ते डोक्यात येत नाही.

यात मित्रमंडळींचा वाटा फार मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मुलाने अजून तोंड उघडलेले नसते, तोवर त्याच्या टेबलावरचे चौघे त्या मुलीला येता-जाता ‘वहिनी’ म्हणायला लागतात. ती पाणी घ्यायला आली की जोरात खाकरतात. मुलाला वाटते वातावरण तयार होते आहे. तिने तोवर जेवणाची वेळ बदललेली असते. ही थट्टा मी स्वतः कँटीनमध्ये उभी राहून थांबवली आहे आणि पुढेही थांबवीन. मुलगा कितीही सरळ असला तरी त्याच्या विचारण्याआधीच तिला कोंडीत पकडण्याचे काम हे मित्र करून ठेवतात.

आता कायद्याबद्दल. लोक समजतात त्यापेक्षा तो बराच समंजस आहे. राजस्थानात बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि पुढे सोळा वर्षांनी संसदेने कायदा केला. छळाच्या व्याख्येचा गाभा ‘नकोसे वर्तन’ हा आहे. बरोबरीच्या सहकाऱ्याने एकदा सभ्यपणे विचारले, ती नाही म्हणाली आणि तो तिथेच थांबला, तर एवढ्यावरून कोणाची नोकरी गेल्याचे मी पाहिलेले नाही. नकारानंतर पुन्हा पुन्हा मेसेज, वाटेत थांबणे, येता-जाता टोमणे, कामात अडवणूक, इथून प्रकरण बिघडते. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क साधत राहणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळेला तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. खोट्या तक्रारीची भीती वाटते त्यांनी २०१३ च्या कायद्याचे कलम १४ वाचावे. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद त्यात आहे. मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात आहे.

आणि त्या मुलीच्या बाबतीत सांगायचे तर प्रशिक्षणार्थी, कंत्राटी, रोजंदारी सगळ्या या कायद्यात येतात. मालकाने दिलेली बससुद्धा ‘कामाचे ठिकाण’ धरली जाते. तिला हे कोणी सांगितले नव्हते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते, समितीला कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात. तिने मला सांगितले तोवर तीही मुदत टळून गेली होती.

मग कोणी कोणाला विचारूच नये का? असे माझे म्हणणे मुळीच नाही. आमच्याच कारखान्यात जुळलेली दोन जोडपी आज सुखाने नांदताहेत, एकीच्या बारशाला मी गेले होते. डिस्पॅचमधला एक मुलगा मागे जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. डबा उघडायच्या आधीच म्हणाला, ‘मॅडम, मी काही वाईट करून नाही राहिलो, पण एक विचारायचं होतं. क्वालिटीतली ती मुलगी मला आवडते. विचारलं तर तुमच्यापर्यंत येईन का मी?’ मी त्याला विचारले, तिचे कोणते काम तुझ्या सहीवर अडते का? नाही. कामाशिवाय ती आपणहून तुझ्याशी बोलते का? हो, कधी कधी. मग मी म्हटले, कारखान्याच्या बाहेर विचार, मित्रांना सोबत नेऊ नकोस, घाई नाही असे सांग, आणि एकदाच विचार. ‘बघू’, ‘घरी विचारते’, ‘सध्या नाही’ असे काहीही म्हणाली तरी ते नाहीच समज. तिला यायचे असेल तर ती पुढे स्वतः बोलेल.

त्याने विचारले. तिचे घरी ठरत होते, तसे तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्ट रिपोर्टची फाइल घ्यायला तो रोजच्यासारखा स्वतःच क्वालिटीत गेला, हेल्परला पाठवले नाही. ‘दोन नंबरच्या लॉटचं झालं का?’ विचारले, फाइल घेतली आणि निघाला. हे मला तिनेच सांगितले, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे हायसे वाटणे होते ते मी विसरू शकत नाही. दोघे अजून आमच्याकडेच आहेत आणि दोघांच्या संमतीने हे लिहिते आहे. तिची बस, तिची शिफ्ट, तिची जेवणाची वेळ, काहीही बदलले नाही. त्या मुलाला वाईट वाटले असणार, वाटायलाच हवे, पण ते त्याने तिच्या टेबलावर आणून ठेवले नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला ज्यांचा अभिमान वाटतो त्यांत हा मुलगा आहे.

मात्र ज्याच्या सहीने दुसऱ्याची रजा, शिफ्ट, वाढ किंवा कायम होणे ठरते, त्याने आपल्या हाताखालच्या व्यक्तीला विचारू नये, अशा ठाम मताची मी आहे. भावना कितीही खरी असो, आधी विभाग बदलून घ्यावा, मग बोलावे. हे बाई साहेबांनाही लागू. कायद्याखाली तक्रार फक्त महिलेला करता येते, पण हाताखालच्या मुलाची कोंडी तितकीच होते, आणि कंपन्यांनी आपल्या नियमांत त्याचीही सोय करावी.

माझी शेवटची विनंती कारखानदारांना आणि दुकानदारांना आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, नसेल तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. समिती नेमल्याचा आदेश आणि छळाच्या शिक्षेची माहिती दर्शनी भागात लावायची असते. हिंगणा, बुटीबोरी, मिहानमध्ये हा कागद अनेकदा एचआरच्या केबिनमध्ये इंग्रजीत चिकटवलेला असतो, जिथे कामगार बाई पाऊलही टाकत नाही. तो मराठीत आणि हिंदीत, महिलांच्या चेंजिंग रूममध्ये आणि बसमध्ये लावा. सीताबर्डी, इतवारी, महालातल्या ज्या दुकानांत चार-सहा मुली काम करतात, त्यांच्यासाठी आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपल्या वृत्तपत्राने तिचा पत्ता आणि फोन नंबर जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळवून, महिन्यातून एकदा तरी, पहिल्या पानावर ठळक छापावा.

आपली विश्वासू,
अंतर्गत समिती अध्यक्ष, हिंगणा एमआयडीसी, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. मुलींची ओळख जपण्यासाठी तो छापू नये.)