कुंभार्ली घाटातल्या स्प्लेंडरवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव-गाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितेय. जुलैतल्या त्या संध्याकाळी चिपळूणहून कराडला येताना, पोफळी मागे टाकून घाट निम्म्याच्या वर चढल्यावर जिच्या बाईकची क्लच केबल तुटली, ती मी. तुमच्या गाडीचा नंबर एमएच ५० चा होता आणि मागच्या सीटवर खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी बांधलं होतं, एवढंच आठवतंय.

आभार केबलचे आहेतच, पण त्याआधी तुम्ही ज्या रीतीनं थांबलात त्याचे. धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं, फोनला रेंज नव्हती. अशा जागी अनोळखी माणसानं गाडी थांबवली की एकट्या बाईला हायसं वाटत नाही, आधी धस्स होतं. ते तुम्ही ओळखलंत. गाडी पलीकडे लावलीत, हेल्मेट काढलंत, तोंड दिसू दिलंत आणि तिथूनच विचारलंत, "ताई, काय झालं? पेट्रोल का पंक्चर?" मी 'या' म्हणेपर्यंत रस्ता ओलांडला नाहीत. मग तुमची गाडी माझ्या मागे आणून इंडिकेटर चालू ठेवलात, खालून येणाऱ्या एसटीला आम्ही दिसावं म्हणून. मला हे सुचलं नसतं.

केबलची तार लिव्हरपाशीच तुटली होती. घाटात सारखा क्लच दाबायचा, त्यात पावसानं ग्रीस धुऊन गेलेलं, त्यामुळे तिथेच झिजते म्हणालात. तुमच्याकडची जादा केबल माझ्या गाडीला बसेना. मग पिशवीतून स्क्रूनं आवळायचा पितळी निपल काढलात, म्हणजे तारेच्या टोकाला बसवून ती लिव्हरमध्ये अडकवायचा छोटा तुकडा. तुटलेली तार तोकडी पडत होती, ती इंजिनकडचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून बोटभर वाढवलीत. आणि शेवटी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात. "तुम्हीच आवळा, वाटेत ढिला झाला तर तुम्हाला जमाय पाहिजे." माझ्या भावानं एवढं शिकवताना चार टोमणे तरी मारले असते.

मी पाकीट काढलं तेव्हा निपलचे तेवढे वीस रुपये घेतलेत. "हा मला परत विकत घ्यावा लागंल, बाकी काय नको." एक पैसा घेतला नसतात तर मला अवघडल्यासारखं झालं असतं. वीस रुपयांनी हिशेब मोकळा केलात.

तसे रस्त्यावर दुचाकीवालेच दुचाकीवाल्यांना सांभाळतात म्हणा. "ताई, ओढणी!", "दादा, स्टँड!" असं ओरडून मागे न बघता जाणारे किती भेटतात. पूर्वी दिवसा लाईट चालू दिसला की हाताची उघडझाप करून खुणावायचे. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचा लाईट इंजिनाबरोबर आपोआपच लागतो, तरी काही काका अजून खुणावतात. मीही मान डोलावते. कुठं त्यांचा हिरमोड करा! पण ओरडून पुढे जाणं निराळं आणि भर पावसात, अंधार पडत असताना, दुसऱ्याच्या गाडीखाली गुडघे टेकून बसणं निराळं.

हेळवाकपर्यंत तुम्ही माझ्या मागेच राहिलात, एकदाही ओव्हरटेक केलं नाहीत. तिथं रेंज आली आणि तुम्ही घरी फोन लावलात: "आलोच, जरा गाडी बंद पडली होती." कुणाची, ते सांगितलं नाहीत. पलीकडून बरंच काही ऐकून घेत होतात, तेही दिसलं.

तर वहिनींना हे पत्र जरूर वाचून दाखवा. वहिनी, ह्यांची गाडी ठणठणीत होती. बंद पडली ती माझी.

तुमची,
पांढऱ्या हेल्मेटवाली ताई