परवाना बोर्डाला की यंत्राला?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

छोट्या औद्योगिक संगणकांवर चालणाऱ्या सॉफ्ट पीएलसीबद्दलचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या पीएलसी या नियंत्रकाचं काम सॉफ्टवेअरकडून करून घेण्याबद्दलचा, आपल्या अंकातला लेख वाचला. तळहातावर मावणारा बोर्ड, पॅनेलमधल्या डिन रेल या पट्टीवर बसणारी पेटी, आत लिनक्स आणि त्यावर पीएलसीचा रनटाइम, म्हणजे यंत्राचा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर. जुन्या पीएलसीच्या मानाने खर्च किरकोळ, असा लेखाचा सूर आहे. बोर्डापुरतं ते खरंही आहे. पण लेखातल्या खर्चाच्या हिशेबात रनटाइमच्या परवान्याची ओळच नाही. मी पॅनेल बनवून यंत्रं चालू करून देतो आणि मला अवेळी येणाऱ्या फोनांपैकी बरेच त्याच ओळीपायी येतात, म्हणून हे पत्र.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९६८ साली मॉडिकॉन ०८४ या पीएलसीची कल्पना निघाली तेव्हापासून पीएलसी म्हणजे एक डबा. आतल्या सॉफ्टवेअरची किंमत डब्याच्या किमतीत मुरलेली असायची. डबा जळला की स्टोअरमधून तसाच दुसरा काढायचा, प्रोग्राम टाकायचा, यंत्र चालू. सॉफ्ट पीएलसीत डबा एकाचा आणि रनटाइम दुसऱ्याचा. प्रोग्राम लिहायचं साधन पुष्कळदा फुकट मिळतं. पैसे पडतात ते तो प्रोग्राम बोर्डावर चालवण्याचे. कोडेसिस या सॉफ्ट पीएलसीची पद्धत हीच आहे. यात मला काही गैर वाटत नाही. मिलिसेकंदांच्या ठोक्यावर वर्षानुवर्षं न चुकता चालणारा रनटाइम लिहिणं हे खरं कसबाचं काम आहे आणि त्याचं मोल द्यायलाच हवं. माझी तक्रार मोलाबद्दल नाही, कुलपाबद्दल आहे.

परवाना बहुतेक वेळा बोर्डाच्या ओळखीला बांधलेला असतो: प्रोसेसरचा अनुक्रमांक, नेटवर्कचा मॅक पत्ता, असं काहीबाही मिळून एक ठसा तयार होतो. ठसा जुळला तर रनटाइम चालतो, नाही तर नाही. म्हणजे सगळ्या पॅनेलमधली सर्वात स्वस्त आणि सर्वात लवकर बदलावी लागणारी वस्तू कायद्याने मात्र न बदलता येणारी होऊन बसते.

आमच्या एका पॅनेलमध्ये हेच झालं. बोर्ड गेला. अंदाज होताच, म्हणून तोच मॉडेल नंबर असलेला दुसरा बोर्ड, त्यात मेमरी कार्डाची हुबेहूब प्रत, असं सगळं तयार ठेवलं होतं. मेंटेनन्सवाल्याने दहा मिनिटांत बदली केली. दिवे लागले, लिनक्स उठलं, आणि रनटाइमने परवाना सापडत नाही म्हणून प्रोग्राम चढवायलाच नकार दिला. विक्रेत्याच्या पोर्टलवर गेलो तर परवाना नव्या बोर्डावर हलवायची मुभा आधीच्या चाचण्यांत संपलेली. फोन उचलायला कोणी नाही, सुट्टी. यंत्र दीड दिवस उभं राहिलं. चूक आमचीही होती: स्पेअर बोर्ड कपाटात ठेवला, पण तो एकदाही यंत्राला लावून पाहिला नव्हता. लावून पाहिला असता तर हे आधीच कळलं असतं. हां, त्या पाहण्यातही हलवायची एक मुभा खर्ची पडली असती, हा भाग वेगळा.

कार्ड खराब होण्याची गोष्ट आणखी साधी आहे. परवान्याची फाइल ज्या कार्डावर असते, त्याच कार्डावर लॉग आणि रिटेनची (वीज गेली तरी जपायची) मूल्यं लिहिली जात असतात. लिहून लिहून कार्ड दमतं आणि जाताना परवाना घेऊन जातं. बोर्ड तोच असेल आणि फाइलची प्रत बाहेर ठेवलेली असेल तर साधारणपणे निभावतं. ही प्रत काढून ठेवणारी माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजली आहेत.

मला स्वतःला डोंगल बरा वाटतो. यूएसबीत खोचलेला तो तुकडा एका बोर्डावरून काढून दुसऱ्यावर लावला की परवानाही गेला तिकडे. पोर्टल नको, फोन नको. मात्र कंपनाने तो ढिला होतो आणि कोणाला तरी पेनड्राइव्ह लावायचा असतो तेव्हा नेमका तोच उपटला जातो. कुलूप म्हणजे निव्वळ कुलूप असतं, या भ्रमातही राहू नये. या क्षेत्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोडमीटर या परवाना-व्यवस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२० साली गंभीर सुरक्षात्रुटी जाहीर झाल्या; त्यांतल्या सर्वात वाईट त्रुटीला दहापैकी दहा तीव्रता दिली गेली होती. प्रोग्रामचं संरक्षण करणारं सॉफ्टवेअर स्वतःच आत शिरायची वाट होऊ शकतं.

मुदतीचे परवाने, म्हणजे वर्षाला पैसे भरा आणि चालवा, ते छोट्या बोर्डावर आले की मला धडकी भरते. कारण घड्याळ. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ४ पर्यंतच्या नेहमीच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली की बोर्डाला तारीख आठवत नाही. नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत तो अंदाजाने चालतो. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ वर घड्याळ आलं, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. आणि कारखान्यातलं यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवणं हे तर शहाणपणाचंच लक्षण. अशा यंत्राला आजची तारीख विचारून परवाना तपासणं म्हणजे आंधळ्याला वाट विचारण्यासारखं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. काही रनटाइम परवान्याशिवायही थोडा वेळ चालतात. रास्पबेरी पायवरचा कोडेसिस दोन तास चालून थांबतो; ट्विनकॅट या दुसऱ्या सॉफ्ट पीएलसीचा चाचणी परवाना सात दिवसांचा असतो आणि पुन्हा पुन्हा घेता येतो. शिकण्यासाठी ही फार चांगली सोय आहे. पण एके ठिकाणी असाच वेळेचा बंध चुकवण्यासाठी, मुदत भरायच्या आत रनटाइम आपोआप बंद-चालू करणारी स्क्रिप्ट बसवलेली होती. चोरी तर आहेच. त्याहून वाईट हे की प्रत्येक वेळी सगळे आउटपुट क्षणभर खाली पडतात. पंप, व्हॉल्व्ह, हीटर, जे काही त्यांना जोडलेलं असेल ते. बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘अजून काही झालं नाही.’

मुक्त स्रोताचा पर्याय लेखात आला आहे, त्यावर फार लिहीत नाही. ओपनपीएलसी आणि बेरेमिझ दोन्ही वापरून पाहिले आहेत. परवान्याची कटकट शून्य. लिनक्सचा रिअल-टाइम (ठरल्या वेळी काम पुरं करणारा) भागही २०२४ साली ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आला, त्यामुळे वेगळे पॅच लावत बसायची गरज उरली नाही. पण सर्वो ड्राइव्ह (मोटर अचूक फिरवणारे), फील्डबस (यंत्रातली उपकरणं जोडणारं जाळं) आणि मध्यरात्री उत्तर देणारं कोणीतरी, हे सगळं लागतं तिथे मी अजून पैसे मोजूनच रनटाइम घेतो. दुसऱ्याकडे जाऊ म्हटलं तरी सोपं नसतं. आयईसी ६११३१-३ या मानकाने १९९३ पासून लॅडर, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट वगैरे पीएलसीच्या प्रोग्रामिंगच्या भाषा एकसारख्या केल्या. परवान्याबद्दल मात्र ते मानक मूग गिळून आहे, आणि एकाचा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे जसाच्या तसा उघडत नाही.

रनटाइम बनवणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच की परवाना जुळला नाही तर ओरडा, पण थांबवू नका. पडद्यावर लाल पट्टी दाखवा, लॉगमध्ये लिहा, पंधरा दिवस द्या. पंधरा दिवसांत खरा ग्राहक कागदपत्रं दाखवतो आणि फुकट्या उघडा पडतो.

विकत घेणाऱ्यांनी ऑर्डर देतानाच विचारावं की परवाना कोणाच्या नावावर असणार. हे कोणी विचारत नाही. तो पॅनेल बनवणाऱ्याच्या खात्यावर निघतो, पुष्कळदा त्याच्याकडच्या एखाद्या इंजिनिअरच्या ईमेलवर. इंजिनिअर नोकरी सोडतो, कधी पॅनेलवाल्याचा धंदाच बंद होतो, आणि यंत्राच्या मालकाकडे उरतो तो बिलाचा कागद. यंत्र वीस वर्षं चालणार असतं. ईमेल पत्ता तेवढा टिकत नाही. मीही सुरुवातीची काही वर्षं माझ्याच खात्यावर परवाने काढत होतो. आता मालकाचं खातं उघडल्याशिवाय काम सुरू करत नाही.

आमच्या प्रत्येक पॅनेलच्या दाराला आतून आता एक पाकीट चिकटवलेलं असतं. त्यात परवान्याचा क्रमांक, बोर्डाचा अनुक्रमांक, खात्याचं नाव आणि फाइलच्या प्रतीचं एक कार्ड. स्पेअर बोर्ड यंत्राला लावून एक पूर्ण शिफ्ट चालवल्यावरच मी हस्तांतराच्या कागदावर सही घेतो. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर खर्चाच्या हिशेबात परवान्याची ओळ जरूर घालावी, आणि तिच्याखाली दुसऱ्या बोर्डाच्या परवान्याचीही.

आपला,
एक नियमित वाचक
(ऑटोमेशन पॅनेल व्यावसायिक)