जुन्या लाकडाचे पॉलिश खरवडण्यापूर्वी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातील पेठांमधले वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहत असताना, त्या वाड्यांतील सागवानी व शिसवी सामान 'नव्यासारखे करून द्या' अशा मागणीसह आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांकडे येते. या मागणीमुळे होणारे नुकसान आपल्या वाचकांच्या लक्षात आणून द्यावे, यासाठी हे पत्र.

सध्या माझ्याकडे एका ग्राहकाच्या आजीचे आरशाचे सागवानी टेबल आले आहे. त्याच्या वरच्या फळीवर पूर्वी कोणी यंत्राने घासकाम करून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या कृत्रिम पॉलिशचा, थर चढवला. बाजू आणि खण मात्र मूळ लाखेच्या पॉलिशमध्येच राहिले. बाजूंना वर्षानुवर्षे मुरलेला तांबूस रंग आहे. वरच्या फळीची गोलाई घासकामात गेली असून, ती कोणत्याही उपायाने परत आणता येणार नाही.

लाखेचे पॉलिश नाजूक असते, हे मान्य करायला हवे. गरम पेल्याने त्यावर पांढरा डाग पडतो आणि सांडलेल्या अत्तरातील अल्कोहोलनेही ते विरघळते, म्हणून ग्राहक पीयूचा आग्रह धरतात. परंतु लाख स्पिरिटमध्ये विरघळत असल्यामुळे नवा हात जुन्या थरात मिसळून जातो आणि डागापुरतीच दुरुस्ती करता येते. पीयूचा थर खराब झाला, तर बहुधा सगळी फळी पुन्हा खरवडावी लागते. सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदाचेही, तसेच आहे. सरसाने जोडलेला सांधा ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येतो, तर आजच्या पांढऱ्या गोंदाने पक्का केलेला सांधा सोडवताना अनेकदा लाकूडच चिरते.

वाचकांना विनंती अशी की, घासकामाला होकार देण्यापूर्वी खणाच्या मागे किंवा अशाच न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा. तो भाग चिकट झाला, तर ते पॉलिश बहुधा लाखेचे आहे आणि केवळ साफसफाई करून नवा हात देणे पुरेसे ठरू शकते. डागाळलेला आरसा बदलायचाच असेल, तर जुनी काच, तसेच काढलेल्या पितळी कड्या आणि स्क्रू कारागिराकडून मागून घ्यावेत, आणि कोणता गोंद व कोणते पॉलिश वापरले ते बिलावर लिहून घ्यावे. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी या नोंदीची गरज पडते.

आपला विश्वासू,
जुन्या फर्निचरची दुरुस्ती करणारा एक कारागीर, पुणे