सुकतीला वर येणारा ओंडका

चिपळूण,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. मेधास अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघं खुशाल आहोत. आईचा गुडघा होता तसाच आहे. फोन सोडून कागदावर आलो त्याचं कारण एवढंच की तुझा फोन आला की आई स्पीकर लावते, आणि मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जायला नको आहे. वाचून झालं की फाडून टाक.

गेल्या रविवारी तू म्हणालीस, "ओजसला नाताळच्या सुट्टीत गळाने मासे गरवायला न्याल ना?" मी "बघू" म्हटलं. त्यावर तू हसतहसत बोललीस, "त्याला न्या हो, तो मुलगा आहे. मला मात्र नऊ वर्षांची झाल्यावर घरी बसवलंत." आईही हसली. मी चहा घेतो म्हणून उठलो. चहा मघाशीच झाला होता.

मेधा, तुला घरी बसवलं ते मुलगी म्हणून नव्हे.

फेब्रुवारी १९९६. वाशिष्ठीवरच्या गोवळकोटच्या धक्क्यापासून जरा खाली जुन्या बांधाचे दगड पाण्यात उतरतात, तिथे आपण बसायचो. पाठीमागे तिवरं. त्यांच्या मुळांची चिखलातून वर आलेली टोकं बघून तू दर वेळी विचारायचीस, "बाबा, ही उलटी का उगवलीत?" आणि मी म्हणायचो, "गप्प बस, मासे पळतील." (श्वास घ्यायला वर येतात ती. तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.)

त्या दिवशी चाऱ्याला कोळंबी होती आणि हात चांगला लागला होता. साडेसातपर्यंत तीन काळुंदरं, दोन शिंगाळे. शिंगाळ्यांचे काटे मोडून पाचही मासे कल्ल्यातून दोरीत ओवले आणि ताजे राहावेत म्हणून दोरी पाण्यात सोडली. धरायला तुला दिली. तू घोटाभर पाण्यात उभी होतीस आणि दोरीचं टोक मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतंस. ते वेढे मी पाहिले होते. मला त्यांचं कौतुकच वाटलं, पोरगी हुशार, दोरी सोडायची नाही.

सुकती, म्हणजे ओहोटी, लागून तासभर झाला होता. नारळाची सोडणं, केळीचं एक सोप, कुणाची तरी चप्पल, सगळं खाली दाभोळच्या, समुद्राच्या दिशेला चाललं होतं. एक ओंडका तेवढा वर येत होता, आपल्याकडे.

मी तो पाहिला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला एकोणतीस वर्षं लागली. डोक्यात कुठेतरी खटकलंही, पण तेवढ्यात तंगूस, गरीचा नायलॉनचा दोर, बोटावर थरथरली. गरवणाऱ्याचा सगळा जीव तर्जनीच्या पेरात असतो. पेर हललं की डोळे असून नसल्यासारखे. मासा चारा चघळतोय, आता ओढेल, मग ओढेल, यातच माझी पाच मिनिटं गेली.

मग तू म्हणालीस, "बाबा, आपलेच मासे मला ओढतायत."

मी वळलो. तुझ्यापासून दोन हातांवर पाणी नुसतं फुगलं होतं. फेस नाही, आवाज नाही. दोरी त्या फुगवट्यात तिरकी शिरली होती आणि तिच्या पलीकडे दोन डोळे होते. पिवळट, मधोमध उभी चीर. मी तुझा दंड धरून तुला मागे फेकलं, अक्षरशः फेकलं. दोरी तुझ्या मनगटावरून साल काढत सुटली. तू बांधावर गुडघ्यांवर पडलीस. परत पाहिलं तर पाणी सपाट, मासे गेलेले, ओंडकाही नव्हता.

आणि मी काय ओरडलो तुला आठवतं? तुला आठवत असणारच, म्हणून मला झोप येत नाही. मी ओरडलो, "दोरी कशाला सोडलीस?" का, ते विचारू नकोस. तोंडातून तेच बाहेर पडलं. तू रडत "सॉरी बाबा, मासे गेले" म्हणत राहिलीस आणि मी तुला तसंच समजू दिलं. घरी सांगितलं, शेवाळावरून घसरली. आईने मनगटाला हळद लावली. पुढल्या रविवारी तू टोपी घालून दारात उभी राहिलीस, तेव्हा म्हटलं, "तू आता मोठी झालीस, घरी आईला मदत कर." याहून वाईट कारण मला सापडलं नसतं. पण खरं सांगितलं असतं तर आईने मला नदीचं तोंड बघू दिलं नसतं आणि तू पाण्याला जन्माची भ्यायली असतीस, असं मी मनाशी म्हणालो. आता वाटतं, यातलं पहिलं कारण जास्त खरं होतं.

केवढी होती? कुणाला सांगितलं असतं तर बारा फूट म्हणालो असतो. कुणाला सांगितलंच नाही, त्यामुळे वाढवायची संधी गेली. सात-आठ फूट असेल. आपल्याकडे सगळे तिला सुसर म्हणतात, पण ही मगर. खरी सुसर लांब चिंचोळ्या तोंडाची, ती उत्तरेकडच्या नद्यांतली. मगर मूळची गोड्या पाण्यातली, तरी आपल्या खाडीच्या मचूळ पाण्यातही सुखाने राहते. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं, वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणून आपली नदी मे महिन्यातही आटत नाही. मगरीला आणखी काय हवं?

महिन्याभराने धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या होडीवाल्याला मी आडून आडून विचारलं. तो पाग (फेकायचं जाळं) झटकत होता. म्हणाला, "मासे पाण्यात बांधलेत? मग ताट वाढलंत की तिला." त्याला माझी दया आली नाही, मगरीचा रागही आला नाही. तिचा मुख्य आहार मासाच. तुझ्यावर तिचा डोळा नव्हता हे मला आज पटतं. पण दोरी कुठे संपते आणि पोरीचा हात कुठे सुरू होतो, हे तिला कुणी सांगायचं?

पुढचे सहा महिने मी गेलो नाही. मग गेलो, एकटा, आणि दर दोन मिनिटांनी मान वर करायला लागलो. मासे कमी मिळू लागले. पण काय काय दिसलं म्हणून सांगू!

एकदा बोय गरीला लागली. ती शक्यतो लागत नाही, तोंड मऊ, खायची रीत चोरटी, त्यामुळे मी खुशीत होतो. पाण्याबाहेर काढतोय तोच वरून तांबडी घार आली, पांढऱ्या डोक्याची, आणि बोय घेऊन गेली. गरी बोयीत, तंगूस माझ्या हातात. पंधरा-वीस हात दोर सरसर सुटला आणि मी धक्क्यावर उभा राहून घारीचा पतंग उडवत होतो. माणसं जमली. एकाने "ढील दे, ढील दे" म्हणून ओरडायलाही कमी केलं नाही. शेवटी बोयीचं तोंड फाटलं, गरी खाली आली आणि घार न्याहारी घेऊन पलीकडच्या माडावर बसली. हा किस्सा मी तुला लग्नाआधी सांगितला होता, तू विश्वास ठेवला नव्हतास.

दुसरं बघितलं ते तुझ्या आजोळी, कर्ली खाडीवर. उन्हाळ्यातली संध्याकाळ. तुझ्या मामाने मला खडकावर बसवलं आणि तो जाळं बघायला गेला. खडकावर वाळलेली घाण पडलेली, सगळी माशांच्या खवल्यांची आणि खेकड्यांच्या कवचांच्या चुऱ्याची. मला वाटलं पक्ष्यांची असेल. थोड्या वेळाने पाण्यात शिट्टीसारखा आवाज झाला आणि पाच डोकी वर आली. ऊद! पाणमांजरं. मानेपर्यंत उभी राहून, नाकं फुरफुरवत माझ्याकडे बघत होती, जणू मीच त्यांच्या ओसरीवर न विचारता बसलोय. आणि बसलोच होतो, ती घाण त्यांचीच होती. त्यातल्या एकाने मासा दोन हातांत धरून डोक्याकडून कडकडा खाल्ला, काकडी खावी तसा. मी गरी गुंडाळली आणि चार खडक मागे सरकलो. मामाने येऊन पाण्याकडे बघत दोन शिव्या हासडल्या, कारण ऊद जाळ्यातला मासा तर नेतातच, जाळंही फाडून ठेवतात. त्याचंही खरं आहे. फाटलेलं जाळं शिवायला बसल्यावर पाणमांजर गोड दिसत नाही.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी निदान एक बरं झालंय. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क असं कायद्याने जपलेलं जनावर सापडलं आणि जाळं कापून सोडलं, तर फोटो दाखवून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आपल्या राज्याने २०१८ च्या डिसेंबरात ही योजना आणली. दाभोळच्या माझ्या एका दोस्ताने दोन कासवं सोडली. पहिलं योजनेच्या आधी, फुकट. त्याला विचारलं, दोन्ही वेळा सारखंच वाटलं का? म्हणाला, "दुसऱ्या वेळी फोटो काढायचा म्हणून कासवाला जरा जास्त वेळ थांबवलं, तेवढाच फरक." ओजसला कासवं दाखवायची तर नाताळात नव्हे, फेब्रुवारीनंतर आणा. वेळासला पिल्लं समुद्रात जाताना दिसतील. २०२२ च्या जानेवारीत तिथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं होतं, तिचं नाव प्रथमा.

पण तुझ्या मनगटावरचा वळ या सगळ्याने पुसला गेला नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये भर पावसात आपल्या गावातल्या रस्त्यावरून मगर चालत गेली, तो व्हिडिओ तू मला पाठवलास. खाली लिहिलंस, "बाबा, तुमच्याकडे सुसरी रिक्षा करायची सोडून चालायला लागल्या का?" पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. सगळ्या ग्रुपवर हशा झाला. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि तुझ्या आईला म्हटलं, मला अंगठा दाखवायचं बटण सापडत नाही.

तर ओजस. त्याला नेणार. पण जुन्या बांधावर नाही. धक्क्यावर वरच्या अंगाला बसायचं, पाण्यापासून पुरुषभर उंच. मासे बादलीत, बादली आपल्या मागे, आणि डोकी-आतडी धुवायची ती घरी येऊन नळावर. नाताळात थंडीमुळे मगरी उन्हाला पडलेल्या असतात, समोरच्या चिखलाच्या काठावर, काही तर तोंड उघडं टाकून. त्याला घाबरवायचं नाही. होडीतून मगरी दाखवायला नेतात हल्ली, तिथे आधी नेऊ, बघून घेऊ दे काय असतं ते. मग तो गरी धरेल, मी पाणी बघेन. माझा हात आता तसाही थरथरतो, मासा लागला की म्हातारपण, ते बोटाला कळत नाही.

तूही ये. बांधावर उभं राहून मला तुला काही दाखवायचं नाही, दगडच आहेत. पण "दोरी कशाला सोडलीस" हे जे तू इतकी वर्षं बाळगलंस, ते मला समोर बसून परत घ्यायचंय. रागवायचं असेल तर रागाव, फक्त आईसमोर नको. आईला कधी सांगायचं ते आपण दोघं ठरवू. मला वाटतं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर, म्हणजे तिला माझ्या मागे धावता येणार नाही.

ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने येणार असाल तर तारीख लवकर कळव. कोळंबीवालीला आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं, नाहीतर ती सगळी हॉटेलात देऊन मोकळी होते. आणि ओजसच्या पायात पट्ट्यांची चप्पल नको, बूट घाल.

तुझा,
बाबा