चोर असता तर आठही रॉड घासले असते

संपादक साहेबांना नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत खेळातल्या लबाड्यांवर पानभर छापलंय ते वाचलं आणि हातातला चहा गार झाला. सायकलवाले झाले, क्रिकेटवाले झाले, आणि शेवटच्या चौकटीत कोण, तर अमेरिकेतल्या नॅसकार मोटार शर्यतींचा ड्रायव्हर मॅट केन्सेथ! काय तर म्हणे इंजिनाचं वजन तीन ग्रॅमनं कमी करून त्यानं शर्यत मारली. अहो इंजिनाचं नाही हो, एका कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं. आठातल्या एकाचं. आणि वर फोटो लावलाय उघड्या चाकांच्या फॉर्म्युला गाडीचा. नॅसकारची गाडी वरून साध्या सेडानसारखी दिसते, चाकं झाकलेली असतात. लग्नाच्या बातमीला बारशाचा फोटो लावल्यासारखं झालं हे. असो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात 34 वर्षं क्रँक ग्राइंडिंग आणि बॅलन्सिंग केलं, आता गुडघ्यांमुळं बंद केलंय. 2013 च्या उन्हाळ्यात पोराकडे अमेरिकेत शार्लटला होतो, तिथं म्हणजे या गाड्यांची पंढरीच, त्यामुळं हे प्रकरण मी टीव्हीवर रोज बघत होतो. केन्सेथनं कॅन्ससला पहिल्या नंबरवरून सुटून शर्यत जिंकली, मग इंजिन नॅसकारवाल्यांनी कॉन्कर्डला त्यांच्या केंद्रात नेऊन उघडलं, आणि एक रॉड सुमारे तीन ग्रॅमनं कमी भरला. नियम तेव्हा 525 ग्रॅमचा, त्याच्या खाली चालत नव्हतं. बाकीचे सात नियमात. इंजिन बनवलं होतं टोयोटाच्या रेसिंगवाल्यांनी कॅलिफोर्नियात, आणि त्यांनी लगेच कबूल पण केलं की चूक आमची, टीमचा पार्ट निवडण्यात हात नाही. तरी शिक्षा बघा, ड्रायव्हरचे 50 गुण गेले, क्रू चीफला, म्हणजे टीमच्या मुख्य मेस्त्रीला, सहा शर्यती बंदी आणि 2 लाख डॉलर दंड (तेव्हाच्या भावानं कोटीच्या वर), मालक जो गिब्ज यांचं लायसन पण सहा शर्यतींसाठी काढून घेतलं. हे सगळं तुम्ही छापलंत. मे महिन्यात अपील झालं आणि 50 चे 12 गुण केले, सहा शर्यतींची एक केली, मालकाची शिक्षा काढूनच टाकली, उलट टोयोटाचे कापलेले गुण 5 चे 7 केले, हे मात्र तुमच्या चौकटीत मावलं नाही वाटतं.

आता मुद्द्याचं. किमान वजनाचा नियम कशासाठी आहे, तर पैसेवाल्या टीमनी हलके आणि महागडे पार्ट करत सुटू नये म्हणून. नियम चांगलाच आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्यानं आयुष्यात एकदा तरी रॉड काट्यावर ठेवलाय त्याला विचारा की आठात एकच रॉड हलका टाकून फायदा काय? बॅलन्सिंग करताना सगळे रॉड तोलतात, बिग एंड म्हणजे क्रँककडचं टोक वेगळं, स्मॉल एंड म्हणजे पिस्टनकडचं टोक वेगळं, त्यातला सगळ्यात हलका बाजूला काढतात आणि बाकीचे घासून त्याच्याएवढे करतात. मग रॉडचा बिग एंड, बेअरिंग असलं जे गोल फिरतं ते पूर्ण आणि पिस्टन, रिंगा, गजन पिन असलं जे वरखाली होतं ते निम्मं धरून तेवढ्या वजनाचं बॉबवेट, म्हणजे नकली वजन, बनवायचं, क्रँकवर लावायचं आणि मशीनवर फिरवायचं. काउंटरवेट, म्हणजे क्रँकवरचा तोलाचा भाग, जड निघाला तर त्याला भोक पाडा, हलका निघाला तर टंगस्टनसारखा जड धातू ठोका. एवढं सगळं ग्रॅमच्या आत आणायचं असतं. मी कागदावर हिशोब केला, त्या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, साधारण सव्वातीन इंच आणि मिनिटाला फेरे 9000 धरले तर बिग एंडला तीन ग्रॅमचा फरक म्हणजे क्रँकला प्रत्येक फेऱ्यात जवळपास 11 किलोचा हिसका. सेकंदाला 150 वेळा! असलं काम कोणी जिंकायला करतं का? चोर असता तर त्यानं आठही घासले असते की.

हे मला एवढं लागायचं कारण आहे. 1996 साली एका मोठ्या कंपनीचं जॉबवर्क होतं माझ्याकडं, चार सिलिंडर डिझेलचे रॉड, 240 नगांचा लॉट. त्यांना सेटमधले चारही रॉड दोन ग्रॅमच्या आत पाहिजे होते. माझ्याकडच्या पोरानं इमानदारीत सगळा लॉट तोलला, सगळ्यात हलका काढला आणि बाकीचे त्याच्यापर्यंत खाली आणले, मीच शिकवलेलं त्याला तसं. ड्रॉइंगवर खालची जी मर्यादा होती तिच्या आत होतं सगळं. पण कंपनीनं मधल्या काळात ड्रॉइंगची नवी रिव्हिजन काढून ती मर्यादा वर सरकवली होती आणि आम्हाला कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अख्खा लॉट रिजेक्ट. घासलेलं लोखंड काय परत चिकटवता येतंय? 86 हजारांची डेबिट नोट आली, टेम्पोचं भाडं जाता-येता माझ्याच अंगावर. ते पण सोसलं असतं. पण त्यांचा इन्स्पेक्शनचा माणूस सगळ्या सप्लायरांसमोर मला म्हणाला, "काय मेस्त्री, लोखंड चोरून विकता व्हय?" रॉडमागं पाच-सहा ग्रॅम म्हणजे 240 रॉडचा दीड किलो चुरा झाला. भंगारात दहा रुपये नसते आले त्याचे. मी काही बोललो नाही, घरी येऊन जेवलो पण नाही त्या रात्री. त्यातला एक रॉड अजून माझ्या खोलीच्या दाराला अडणीला आहे.

म्हणून चोर हा शब्द जरा जपून वापरा. खरा चोर छापायचा होता तर याच गिब्जच्या टीमचा 2008 चा किस्सा होता की! मिशिगनला शर्यतीनंतर डायनो नावाच्या मशीनवर ताकद मोजायच्या वेळी दोन गाड्यांच्या ॲक्सिलरेटर पेडलखाली लोहचुंबक चिकटवलेले सापडले, म्हणजे पेडल पूर्ण खाली जायलाच नको आणि इंजिन कमी ताकदीचं दिसावं. ही झाली चोरी, आणि काय डोकं लावलंय, हसू येतं. ती तुम्हाला दिसली नाही.

आणि नॅसकारमधलाच गरीब बिचारा ड्रायव्हर कार्ल लाँग. 2009 ला त्याचं विकत घेतलेलं इंजिन सरावातच गरम होऊन बसलं, म्हणून उघडलं तर सिलिंडरांचं आकारमान 358 घन इंचाच्या मर्यादेच्या जागी 358.17 भरलं. फरक पावणेतीन सीसीचा, खोकल्याच्या औषधाचा अर्धा चमचा! दंड पुन्हा 2 लाख डॉलरच. मोठ्या टीमला तेवढा आणि स्वतःच्या खिशातून गाडी पळवणाऱ्याला पण तेवढाच. भरता आला नाही म्हणून नॅसकारच्या मुख्य मालिकेचं दार त्याला बंद झालं ते 2017 पर्यंत. याच्यावर लिहा की पानभर.

विनेश 100 ग्रॅम जास्त भरली तेव्हा तुम्हीच अग्रलेखात माणुसकी काढली होतीत, मी कात्रण ठेवलंय. अमेरिकेतल्या माणसाचे तीन ग्रॅम कमी भरले की तो लगेच लबाड.

चौकट दुरुस्त करून छापावी ही विनंती. आणि मागच्या वेळी आमच्या गल्लीतल्या गटारीबद्दलचं माझं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलंत, त्यात नेमकं नगरसेवकाचं वाक्य उडालं. हे पत्र कापायचंच असेल तर निदान रॉडचं वजन 525 ग्रॅम एवढं तरी बरोबर राहू द्या.

आपला,
एक निवृत्त मेस्त्री, कोल्हापूर

ता. क. पुरवणी रविवारची असली तरी आमच्याकडं ती सोमवारी येते. पेपरवाला म्हणतो गठ्ठाच कमी आला.